खळ्यावरची धावपट्टी

आमच्या माळावर आंतरराष्ट्रीय विमानतळ होता असं सांगितलं, की हल्लीची माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग माझ्या पोराच्या तोंडाकडं. म्हातारा ठीक आहे ना, हे त्यांना त्याच्याकडून काढून घ्यायचं असतं. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली निम्मी चौथी गुरांमागं गेली. पण त्या विमानतळाचा वारा मी माझ्या हातानं लिहिलेला आहे. तेव्हा त्याची हकीकत लिहायला मला कुणाला विचारायचं कारण नाही.

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. कराडहून विट्याच्या अंगानं वर आलं की डोंगराच्या कुशीत आहे. गाव खाली, माळ वर. माळ म्हणजे नुसता सपाट, मुरमाड, पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरलेला. उत्तरेला डोंगराला एक खिंड. माळावर पिकत काही नाही, पण वारा लय. त्यामुळं पूर्वी सगळ्या गावची खळी वरच असायची. कणसं मळायची आणि वारं द्यायचं, म्हणजे उपणायचं, पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडून कोंडा वेगळा करायचा. नव्वद साल आलं तोवर गावात मळणीची मशीन आली आणि एकेक खळं मोडलं. राहिलं एकटं माझं, माळाच्या उगवतीच्या टोकाला. माझ्या चुलतभावानंच मशीन घेतली होती. तो मला दर वर्षी विचारायचा, "यंदा तरी आणतोस का रं जोंधळा मशीनवर, का आजून वाऱ्याची वाट बघत बसणार हायस?" मी म्हणायचो, तुझी मशीन डिझेल पिती, वारा काय पीत नाही.

नव्वद उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. तासगावकडचे एक बेदाण्याचे मोठे व्यापारी माळ बघायला आले. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. सरकारनं खाजगी विमानांना वाट मोकळी केली होती, आणि मालकांच्या डोक्यात बसलं होतं की द्राक्ष सकाळी वेलीवर आणि रात्री दुबईवाल्याच्या ताटात. चावडीत त्यांनी भाषण केलं. एस.टी. सरकारची, रेल्वे सरकारची, पण हा विमानतळ आपला, म्हणाले. आपला म्हणजे त्यांचा, हे आम्हाला कळत होतं. माळाची बहुतेक जमीन त्यांनी घेतली आणि पहिलं काम कुठलं केलं तर बोर्ड लावला. मोठ्या अक्षरात 'आंतरराष्ट्रीय विमानतळ' आणि खाली 'नियोजित'. हा खालचा शब्द इतका बारीक होता की बोर्डाच्या सावलीला बसणाऱ्या शेळ्यांनाच तो दिसायचा. बोर्ड आला तेव्हा माळावर जायला रस्ताही नव्हता.

मग आले कप्तान. तेही सातारा जिल्ह्यातलेच, हवाई दलात तीस वर्षं काढून आलेले. मालकांनी विमानतळ उभा करायचा आणि चालवायचा सगळा भार त्यांच्यावर टाकला होता. आपला हुद्दा कप्तानाचा नव्हता, दुसरा होता, असं त्यांनी आम्हाला दोनदा समजावून सांगितलं. आम्ही ऐकून घेतलं आणि कप्तानच म्हणत राहिलो.

चैत्र होता. मी खळ्यात वावडीवर उभा होतो. वावडी म्हणजे तीन पायांचं उंच लाकडी आसन, त्यावर उभं राहून वारं देतात. बायको खालून पाट्या भरून देत होती. तेवढ्यात पांढऱ्या फक्कीची रेघ मारत दोन माणसं आली आणि मागून कप्तान. रेघ सरळ माझ्या खळ्यात शिरली, तिवड्याला घासून गेली. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, बैल त्याच्याभोवती फिरतात. माझ्या आज्यानं रोवलेला, बाभळीचा. रेघेमागं कप्तानही खळ्यात आले, बूट घालून.

"सायेब, बूट," मी वरूनच म्हणालो.

मला वाटलं आता भांडण होणार. पण तो गडी खाली वाकला, दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट खळ्याबाहेर नेऊन ठेवले, मोजेही काढले आणि अनवाणी परत आला. हे मला पटलं. भांडण मग मी बसूनच करायचं ठरवलं आणि वावडीवरून उतरलो.

त्यांनी सांगितलं की ही धावपट्टीची मधली रेघ. मावळतीकडून उगवतीकडं जाणार. विमानाला उतरताना आणि उडताना वारा समोरून लागतो, बाजूनं चालत नाही. या मुलखात वारा मावळतीचा, म्हणून पट्टी अशी, आणि खळं तिच्या टोकाला येतंय म्हणून खळं जाणार.

मी हसलो. त्यांना म्हटलं, वारा मावळतीचा असं कुठल्या पुस्तकात आहे ते पुस्तक खाली ठेवा आणि इकडं बघा. पाटी उचलली, वावडीवर चढलो आणि धान्य सोडलं. कोंडा सरळ दक्षिणेकडं उडाला. म्हणजे वारा उत्तरेचा, खिंडीतून येणारा.

"आज खिंडीचा आहे, मान्य," कप्तान म्हणाले.

"आज न्हाई, कायम. माझा आजा हितं वारं देत हुता, बाप देत हुता, मी देतुया. आमची वावडी कवा फिरवावी लागली न्हाई. तुमाला इमान उतरवायचं आसंल तर रेघ खिंडीकडनं वडा. माझं खळं बाजूला ऱ्हातंय का जातंय ते सोडा, तुमचं इमान वाचंल."

खळं बाजूला राहत होतं, हे खरं. पण मी बोललो ते मनापासून. त्या माळाचा वारा माझ्याइतका कुणाला ठाऊक नाही, अशी माझी खात्री होती. सगळ्या गावची होती.

कप्तान राशीजवळ उकिडवे बसले. मग म्हणाले, "मामा, एक काम करू. मला वर्षभर वारा लिहून ठेवायचाच आहे. तुम्ही लिहा. रोज तीन वेळा, इथं माळावर उभं राहून. वर्षाच्या शेवटी तुमच्या अक्षरात वारा खिंडीचा निघाला, तर रेघ मी बदलीन, मालक काही म्हणोत. मावळतीचा निघाला, तर हे खळं तुम्ही स्वतःच्या हातानं मला द्यायचं."

मी राशीतले मूठभर जोंधळे घेतले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. राशीवर दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. बायको पाटी घेऊन उभी होती. तिनं सगळं बघितलं.

दुसऱ्या आठवड्यात खांब रोवून त्यावर वाऱ्याची पिशवी लावली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. गावानं तिचं नाव पायजमा ठेवलं, कारण ती पायजम्याच्या एका पायासारखीच दिसायची. पायजमा कुणीकडं उडतोय ते बघायचं आणि वहीत लिहायचं: सकाळी, दुपारी तीनला आणि दिवस बुडताना. कप्तानांनी रकाने आखून दिले होते. पहिल्या नोंदीच्या आकड्याच्या जागी मी 'लाभ' लिहिलं. कप्तानांनी विचारलं, हे कुणाचं नाव? मी सांगितलं की रास मापताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, दुसऱ्यापासून दोन, तीन. ते म्हणाले, ही रास नाही, वारा आहे. मी म्हटलं, मोजायला लागलात ना, मग रासच. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

वारा किती जोराचा हेही लिहायचं होतं. त्यांचे आकडे मला पटेनात, म्हणून मी माझी मापं वापरली. 'कोंडा हलत नाही.' 'कोंडा उडतो.' 'कोंड्याबरोबर हलका दाणाही जातो.' आणि सगळ्यात वरचं, 'पाटी हातात राहत नाही.' कप्तानांनी यंत्र आणून दोन दिवस माझ्या शेजारी उभं राहून माझ्या प्रत्येक मापाला आपला आकडा लावला आणि तो कागद वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. तो कागद मी पुष्कळ जणांना दाखवला.

चैत्र-वैशाख मी मिरवत काढला. दुपारी तीनची नोंद रोज खिंडीची. चुलतभाऊ भेटला की मी त्याला वही उघडून दाखवायचो. सकाळी वारा जरा इकडंतिकडं असायचा, पण सकाळी वारं कोण देतो? ते मी धरतच नव्हतो.

मृग निघायच्या चार दिवस आधी पायजमा फिरला. तोंड मावळतीला आणि शेपूट उगवतीला. मला वाटलं, वरची कडी अडकली. खांबावर माणूस चढवला, कडीला गोडं तेल सोडलं. पायजमा आणखी सफाईनं उगवतीकडं उडायला लागला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी कप्तानांना सांगितलं की पिशवी वाकडी शिवलीय. त्यांनी नवी पिशवी लावली. तीही वाकडीच शिवलेली निघाली.

मग आषाढ लागला. घोंगडी पांघरून मी माळावर चढायचो आणि वारा असा समोरून यायचा की वही उघडली तर पानं जायची. मावळतीचा. सकाळी मावळतीचा, दुपारी मावळतीचा, दिवस बुडताना मावळतीचा. पाटी हातात राहत नाही, पाटी हातात राहत नाही. मी पन्नासावर वर्षं त्या माळाखाली काढली, पण पावसाळ्यात कधी वर गेलो नव्हतो. कोण जातो? वर ना पीक ना गोठा. गाव खाली डोंगराच्या आडोशाला, तिथं वाऱ्याचा पत्ता नसतो. माझा आजा, बाप आणि मी, तिघांनी मिळून त्या माळाचा वारा बघितला तो वर्षातून दीड महिना, तोही दुपारचा. बाकीचं वर्ष माळ आमच्या पाठीमागं काय करतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

हे मी आता सांगतोय. तेव्हा मला नुसता राग येत होता, आणि तो वाऱ्याचा येत होता.

बैलांचा बेंदूर झाल्यावर एका दुपारी माळावर मी एकटाच होतो. कप्तान मुंबईला परवान्याच्या कामाला गेले होते. पायजमा मावळतीच्या वाऱ्यानं ताठ आडवा झाला होता. मी वहीत लिहिलं, 'खिंडीचा. कोंडा उडतो.' लिहिलं आणि बरं वाटलं. म्हटलं, रोज एक असं पडलं तर वर्षाअखेर कोण विचारतंय.

बायको भाकरी घेऊन वर आली होती. तिला वाचता येत नाही. पण खिंडीचा हा शब्द लिहिताना माझा हात कसा फिरतो, हे चैत्र-वैशाखात रोज बघून तिला पाठ झालं होतं. तिनं वहीकडं बघितलं, मग पायजम्याकडं बघितलं.

"आवं, पायजमा तिकडं आन तुमचा हात हिकडं? त्यो बाबा खळ्यात अनवानी आला. तुमी त्याच्या हातावर राशीतलं जोंधळं ठिवलं. आता ते जोंधळं परत मागून आणा, मग काय पायजे ते लिवा."

भाकरी ठेवून ती खाली निघून गेली. कप्तानांनी शाईचाच पेन वापरायला लावला होता, त्यामुळं खोडरबराचा प्रश्न नव्हता. मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मावळतीचा. पाटी हातात राहत नाही.' ती खोड वहीत राहिली. नंतर वर्षभर दुसरी झाली नाही.

फाल्गुनात शाळू निघाला, खळ्याचा निकाल लागायचा होता म्हणून तो अंगणात आणून टाकला आणि बडवायला घेतला. चैत्र लागला आणि वर्ष भरलं. कप्तान वही घेऊन आमच्या घरी आले, दारातच बूट काढले. एवढ्या नोंदी मोजायच्या कशा? मी घोंगडं अंथरलं आणि टोपलीभर जोंधळे घेतले. कप्तान वाचायचे आणि मी एकेका नोंदीला एकेक दाणा टाकायचो: खिंडीचा इकडं, मावळतीचा तिकडं, उगवतीचा मध्ये. थंडीच्या सकाळी वारा उगवतीचा असतो, हेही मला त्याच वर्षी कळलं. उगवती काय आणि मावळती काय, दोन्ही त्यांच्या रेघेवरच पडत होत्या. दुपारभर मोजणी चालली. ढीग बघण्यासाठी आकडा लागत नव्हता.

बायको चहा घेऊन आली, ढीग बघून म्हणाली, "मावळतीची येक भाकरी व्हईल. तुमच्या खिंडीची चानकी सुदिक व्हायची न्हाई." चानकी म्हणजे लहान पोराला थापून देतात ती इवलीशी भाकरी.

कप्तान हसले नाहीत. वही मिटताना त्यांनी ती खोडलेली ओळ उघडली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "मामा, ही एक खोड आहे ना, हिच्यामुळं बाकीची सगळी वही मला खरी वाटते."

मला जमीन फाटली तर बरं असं झालं. पण मान वर ठेवूनच मी म्हणालो, "खोड माझी, वारा माझा न्हाई. उद्या खळं मोकळं करतो."

तिवडा मीच उपटला. कप्तानांनी चार गडी देऊ केले होते, ते मी परत पाठवले. आज्यानं तो चांगला कमरेइतका खोल रोवला होता. सकाळी लागलो तो उन्हं डोक्यावर येईतो खणत होतो. घरी आणून गोठ्यात ठेवला, बायकोनं त्याला शेळी बांधली. त्या वर्षीच्या शाळवाला चुलतभावाच्या दारातून वारं दिलं, मशीनच्या पंख्याचं. त्यानं डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं.

मग वर्षभर माळावर रोलर फिरत होते. मुरूम, खडी, डांबर. धावपट्टी झाली, काळी, सरळ, आणि तिच्या उगवतीच्या टोकाखाली माझं खळं गेलं. पत्र्याची एक इमारत झाली, तिच्यात प्रवाशांसाठी बाकडी, आणि एका खोलीवर 'कस्टम' अशी पाटी. परदेशचं विमान आलं की तिथं साहेब बसणार होता. आगीचा बंब यायला वेळ होता, तोवर मालकांनी द्राक्षबागेत औषध फवारायचा आपला ट्रॅक्टर उभा केला. मला खाकी टोपी मिळाली, आणि वाऱ्याची वही माझ्याकडंच राहिली. खळं गेलं तरी वारा लिहायला मी जातो याचं गावाला नवल वाटायचं. पण ते काम मला येत होतं, आणि जे येतं ते दुसऱ्याला का द्या?

पहिलं विमान येत्या फाल्गुनात यायचं ठरलं. मालकांनी वाईच्या एका जोतिषाकडून मुहूर्त काढून आणला: दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. मी कप्तानांना गाठलं. म्हटलं, फाल्गुनात तीन वाजता खिंडीचा वारा असतो, तुमच्या पट्टीला आडवा. मीच लिहिलंय. त्यांनी वही उघडली, फाल्गुन-चैत्राची पानं वाचली आणि आम्ही दोघं मालकांकडं गेलो.

मालक पत्रिकांच्या गठ्ठ्यामागं बसले होते. "गड्या, वर्षाचा वारा मावळतीचा, असं तुझ्याच वहीत निघालं म्हणून तर पट्टी अशी केली. आता तीच वही म्हणती, वारा आडवा हाय. तुझी वही दोनी तोंडानं बोलती का?"

"वही येकाच तोंडानं बोलती, मालक. वाऱ्याला दोन तोंडं हायत. सकाळी बोलवा इमान."

पत्रिका छापल्या होत्या. मुहूर्त बदलला नाही.

त्या दिवशी मंडप, बॅण्ड, फेटे, सगळं होतं. तीनला मी वहीत लिहिलं, 'खिंडीचा. कोंड्याबरोबर हलका दाणाही जातो.' तीन वीसला विमान दिसलं, लहानच, मुंबईहून पाहुणे घेऊन येणारं. बॅण्ड सुरू झाला. विमान पट्टीवर उतरायला लागलं आणि वाऱ्यानं त्याला बाजूला लोटलं. एक पंख वर, एक खाली, खुडूक कोंबडीसारखं तिरकं झालं आणि पुन्हा वर गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं सलामी आहे. दुसऱ्या वेळेला पट्टीच्या अगदी जवळ आलं, तिरकं सरकलं आणि परत वर. या वेळेला बॅण्ड थांबला. कप्तान वायरलेसवर हळू आवाजात बोलत होते. विमानानं माळाला एक फेरी घातली आणि ते पुण्याकडं निघून गेलं.

मला हसायचं होतं. दोन वर्षांचं साठलेलं हसू होतं. पण कप्तान विमान दिसेनासं होईतो तिकडंच बघत उभे होते. वर माणसं होती. मी गप्प बसलो. आयुष्यात मी असा गप्प दोनदाच बसलो. पहिल्यांदा माझ्या लग्नात.

जिलेबी-मठ्ठ्याचं जेवण पाहुण्यांशिवाय झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, वाऱ्याची झुळूकही नसताना, तेच विमान आलं आणि अलगद उतरलं. बघायला कप्तान, मी, माझी बायको आणि दोन शेळ्या. त्या विमानातून उतरून वैमानिकानं पहिल्यांदा माझ्या बायकोला विचारलं की पाणी आहे का. ही पहिली सेवा आमच्या घरातून झाली, हे कुठल्या कागदावर नाही म्हणून इथं लिहितो.

त्याच दिवशी कप्तानांनी नियम केला आणि टाइप करून भिंतीवर लावला. फाल्गुन ते वैशाख, दुपारी दोन ते दिवस बुडेपर्यंत धावपट्टी बंद. विमानतळ पुढं काही वर्षं चालला. मिरजेच्या दवाखान्यात मुंबईहून एक मोठे डॉक्टर यायचे, ते सकाळी उतरायचे. कधी पुढारी यायचे. द्राक्षांच्या पेट्या मुंबईपर्यंत गेल्या, तिथून पुढं दुबईला गेल्या का ते मला ठाऊक नाही. परदेशचं विमान आलं नाही. कस्टमचा साहेब आला नाही, त्या खोलीत मी वाऱ्याच्या जुन्या वह्या ठेवायचो. नंतर मालकांचा उत्साह ओसरला, कप्तान वय झालं म्हणून गावी गेले, आणि बोर्ड गंजला. 'नियोजित' हा शब्द तेवढा शेवटपर्यंत शाबूत होता.

पण मला सांगायचं ते नियम लागल्यावर पंधरा दिवसांनी झालं ते.

शाळू अंगणात बडवून पडला होता. वारं द्यायला चुलतभावाच्या दारात दुसऱ्या वर्षी जायची माझी तयारी नव्हती. मी तो नियम वाचत बसलो, अक्षर अक्षर लावून. दोन ते दिवस बुडेपर्यंत धावपट्टी बंद. म्हणजे त्या वेळात तिथं विमान येणार नाही. म्हणजे ती जागा मोकळी. बायकोला म्हटलं, गाडी जुंप. ती म्हणाली, टोपी जाईल. मी म्हटलं, टोपी घरीच ठेवतो.

दोन वाजून गेल्यावर आम्ही धावपट्टीच्या उगवतीच्या टोकाला पोचलो. तिवड्याची जागा मला डांबरातूनही सापडली. डांबर झाडून घेतलं, कडेला पोती अंथरली आणि वावडी उभी केली, तोंड खिंडीकडं करून. पहिली पाटी सोडली. कोंडा दक्षिणेला, दाणा खाली. डांबरावर दाणा असा वाजतो, टपटप, जसा मातीवर कधी वाजला नव्हता.

अर्धी रास झाली असेल, तेवढ्यात पत्र्याच्या इमारतीकडून जीप येताना दिसली. बायको म्हणाली, आता उतरा. मी उतरलो नाही. उतरलो तर चूक कबूल केल्यासारखं होतं. जीप पन्नास पावलांवर थांबली. कप्तान खाली उतरले, उभे राहिले, रास बघितली. मग वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

फाल्गुनातलं डांबर दुपारी तीनला किती तापतं, हे अनवाणी चालल्याशिवाय कळत नाही. पहिली चार पावलं ते ताठ आले. पुढची त्यांनी उड्या मारत काढली आणि सरळ आमच्या पोत्यावर येऊन उभे राहिले.

"मामा, हा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे."

"बंद हाय न्हवं आता? भितीवर लिवलंय."

त्यांनी खिंडीकडं बघितलं, पायजम्याकडं बघितलं, घड्याळ बघितलं. वही आणलीय का विचारलं. वही मी कुठंही नेतो, ती गाडीतच होती. त्यांनी पोत्यावर उभ्या उभ्याच लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: दुपारी तीन, धावपट्टी बंद, कारण आडवा वारा.

"आन उपणणी," मी म्हणालो.

"तेही लिहायचं?"

"खरं हाय ते लिवा. मी लिवलं न्हवतं का?"

त्यांनी लिहिलं. पुढं मुंबईहून तपासणीला आलेल्या साहेबानं ती ओळ बघून विचारलंच. कप्तान त्याला म्हणाले की स्थानिक कारण आहे. त्यानं मान डोलावली आणि पान उलटलं.

रास पुरी झाली तेव्हा वारा पडत आला होता. मी मापटं भरलं, पण मापायला कप्तानांनाच सांगितलं. त्यांनी पहिलं मापटं पोत्यात ओतलं आणि लाभ म्हणाले, दुसऱ्याला दोन. बायकोनं पदर तोंडाला लावला. कप्तानांना आम्ही एक पायली जोंधळे बांधून दिले आणि गाडीवर उभं करून जीपपर्यंत नेलं, कारण डांबर अजून गार झालं नव्हतं.

त्या जोंधळ्याच्या भाकरीला डांबराचा वास येतो, असं बायको वर्षभर म्हणत होती. मला कधी आला नाही. कप्तान दर चैत्रात येऊन दोन-दोन भाकरी खाऊन जायचे, त्यांना येत होता का ते मी विचारलं नाही.

पट्टी मात्र खिंडीकडं तोंड करूनच पाहिजे होती. दुपारची तरी.